बाटलीभर पाण्याची साक्ष

दरवर्षी जानेवारीत आपल्या शाळेचा आनंदमेळा भरतो. खाण्याच्या स्टॉलांखालोखाल गर्दी असते ती रिंग टाकून मासा जिंकण्याच्या स्टॉलवर. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात बोटभर मासा, पिशवीच्या तोंडाला रबर, आणि ती पिशवी डोळ्यांसमोर धरून घरी निघालेले चौथीतले पोर, हे दृश्य आम्हीही इतकी वर्षे कौतुकानेच पाहत आलो. येत्या मेळ्यापासून हा स्टॉल बंद करावा असे आमचे मत झाले आहे. विश्वस्त मंडळातील काही ज्येष्ठांना ते अजून पटलेले नाही. स्टॉलची कमाई चांगली असते, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. काही पालकांनी तर ‘एवढ्याशा माशाने काय बिघडते?’ असे सरळ विचारले. त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख. जरा लांबला आहे, तरी वाचावा ही विनंती.

गोष्ट जूनमधली. शाळा नुकतीच उघडली होती. सातवीच्या विज्ञानाच्या तासाला आम्ही सहज विचारले, ‘मेळ्यात जिंकलेले मासे कसे आहेत?’ एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, आम्ही सुट्टीत आजीकडे साताऱ्याला गेलो होतो. माशाला खायला कोण घालणार? म्हणून बाबांनी त्याला सिरपूर तलावात सोडून दिला. आजी म्हणाली, जीव वाचवलात, पुण्य लागेल.’ आणखी कोणी असे केले आहे का, असे विचारताच आठ-दहा हात वर झाले. कोणी विहिरीत, कोणी कॉलनीतल्या बगीच्याच्या हौदात, कोणी खान नदीत. मुले अगदी निरागसपणे सांगत होती. स्टॉल शाळेचा, मासे शाळेने आणलेले, त्यामुळे दोष द्यायचाच तर पहिला आमच्याकडे येतो.

त्या मुलाचा मासा कोणता होता? काचेला तोंड लावून शेवाळ खरवडणारा, ज्याला दुकानदार ‘सकर’ म्हणतात तो. टाकी आपोआप साफ राहते म्हणून घरोघरी तो हवा असतो. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या चिलखतासारख्या पट्ट्या. दुकानात दोन इंचांचा दिसतो, मोठ्या पाण्यात फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. काठाच्या मातीत बिळे करून तिथे अंडी घालतो. जाळ्यात आला तर काट्यांनी जाळे फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. २०२० साली वाराणसीजवळ गंगेत हा मासा सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. तो तिथे पोहत गेला नव्हता. आपल्यासारख्याच कोणीतरी त्याला ‘जीवदान’ दिले असणार.

त्याच तासाला मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘सर, पण तो मासा आता तलावात जिवंत आहे की नाही, हे कळणार कसे?’ खरे सांगायचे तर आम्ही त्या वेळी ‘जाळे टाकून’ एवढेच उत्तर दिले. घरी गेल्यावर ते उत्तर आमचे आम्हालाच पटेना. एवढ्या तलावात एक मासा जाळ्यात यायचा म्हणजे नशीबच हवे. मग त्या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते मुलांसाठी इथे देतो.

आमची बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाली. जलपर्णीला आम्ही जलकुंभी म्हणत शिकलो, परीक्षानळीला परखनली. डी.एन.ए.चा धडा होता, पण तो पुस्तकातल्या वळणदार शिडीच्या चित्रापुरता. नदीतले बाटलीभर पाणी तपासून त्या नदीत कोण राहते हे सांगता येईल, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर आम्ही हसलो असतो. आज ते होते आहे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा, गळालेले खवले, विष्ठा, अंडी, कातडीच्या पेशी हे सारे पाण्यात मिसळत राहते, आणि त्यासोबत त्याचा डी.एन.ए.ही. लिटर-दोन लिटर पाणी घ्यायचे, ते अतिबारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायचे, गाळणी थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. तिथे गाळणीवर अडकलेला डी.एन.ए. वेगळा काढतात आणि आपल्याला हव्या त्या जातीचा तुकडा त्यात आहे का ते पाहतात. असला तर त्याच्या लाखो-कोट्यवधी नकला तयार करून तो ‘दिसेल’ असा करतात. हे नकला करण्याचे तंत्र म्हणजे पी.सी.आर. कॅरी म्युलिस यांना ते १९८३ साली सुचले आणि १९९३ साली त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पालकांना हे नाव नवे नाही. २०२० आणि २०२१ मध्ये नाकात काडी घालून जी तपासणी आपण सर्वांनी करून घेतली, ती याच तंत्रावर चालत होती.

पाण्यातल्या उपद्रवी प्राण्यांसाठी ही युक्ती प्रथम नीट वापरली ती फ्रान्समधल्या संशोधकांनी, २००८ साली. अमेरिकन बुलफ्रॉग हा दांडगा बेडूक तिथल्या तळ्यांत शिरला होता आणि स्थानिक बेडकांना जड जात होता. त्यांनी तळ्यांतून दर नमुन्याला फक्त १५ मिलिलिटर पाणी घेतले, म्हणजे चहाचे तीन चमचे. जिथे बेडूक होते तिथल्या पाण्याने होकार दिला, जिथे नव्हते तिथल्या पाण्याने नकार. बेडूक थोडे होते तिथेही होकार आला.

पण आम्हाला सगळ्यात जास्त शिकवून गेले ते शिकागोचे प्रकरण, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. १९०० साली शिकागो शहराने एक मोठा कालवा खोदून आपल्या नदीचा प्रवाह उलटा फिरवला, कारण शहराचे सांडपाणी पिण्याच्या मिशिगन सरोवरात जात होते. त्या कालव्यामुळे सरोवर आणि मिसिसिपी नदीचे खोरे जोडले गेले. पुढे १९७० च्या दशकात मत्स्यतळी आणि सांडपाण्याची तळी स्वच्छ ठेवायला सिल्व्हर कार्प आणि बिगहेड कार्प हे आशियातले मासे अमेरिकेत आणले गेले. पुरांत ते तळ्यांतून निसटले आणि मिसिसिपीत अफाट वाढले. मोटरबोटीच्या आवाजाने सिल्व्हर कार्प पाण्याबाहेर उड्या मारतात आणि नावेतल्या माणसांच्या तोंडावर आदळतात. हे चित्रफितीत पाहून आमचा नातू खूप हसला होता. तिथल्या कोळ्यांना मात्र हसू येत नाही. हे मासे सरोवरांत शिरले तर तिथला मोठा मासेमारी व्यवसाय धोक्यात येईल, या भीतीने कालव्यात विजेचा अडसर उभारला. पहिला अडसर २००२ साली सुरू झाला.

२००९ साली नोटर डेम विद्यापीठातील डेव्हिड लॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडसराच्या पलीकडचे, म्हणजे सरोवराच्या बाजूचे पाणी तपासले. त्यात कार्पचा डी.एन.ए. सापडला. मासा मात्र एकही कोणी पाहिला नव्हता. केवढा गोंधळ उडाला! डिसेंबरमध्ये अडसराची दुरुस्ती करायची होती. त्या काळात मासे पुढे सरकू नयेत म्हणून कालव्याच्या सुमारे नऊ-दहा किलोमीटरच्या भागात माशांना मारणारे औषध सोडले गेले. मेलेल्या माशांचे ढीग निघाले, त्यात बिगहेड कार्प निघाला एक. शेजारची मिशिगन, विस्कॉन्सिन आदी राज्ये न्यायालयात गेली आणि कालव्याची दारे बंद करा म्हणाली. मालवाहतूक करणारे म्हणाले, मासा दाखवा, मग बोला. नुसत्या पाण्याच्या बाटलीवरून कोट्यवधींचा व्यापार कसा थांबवायचा? न्यायालयाने दारे बंद करण्याचा तातडीचा आदेश दिला नाही.

आणि २०१० च्या जूनमध्ये सरोवरापासून दहाएक किलोमीटरवर, लेक कॅल्युमेटमध्ये एका कोळ्याच्या जाळ्यात बिगहेड कार्प आला. सुमारे नऊ किलोचा. म्हणजे पाणी खोटे बोलले नव्हते.

इथेच गोष्ट संपली असती तर ती वर्गात सांगायला सोपी होती. ती संपली नाही. त्यानंतरच्या वर्षांत अडसराच्या वर पाण्याचे अनेक नमुने ‘होय’ म्हणत राहिले, पण मासे हाती लागले ते २०१० चा तो एक, २०१७ साली एक आणि २०२२ साली एक. मग डी.एन.ए. येत होता कुठून? अमेरिकी सरकारी खात्यांनी त्याचा वेगळा अभ्यास केला. तेव्हा लक्षात आले की खाली कार्प खाऊन वर येऊन विष्ठा टाकणारे पक्षी, मेलेले मासे, मालवाहू तराफ्यांच्या तळाला चिकटलेली घाण, कोळ्यांची जाळी, बाजारातल्या माशांचे पाणी गटारातून येणे, या सगळ्या वाटांनी तो पाण्यात पोचू शकतो. करोनातून बरे झाल्यावरही कित्येकांची तपासणी आठवडेच्या आठवडे ‘पॉझिटिव्ह’ येत असे, आठवते ना? विषाणूचे अवशेष उरलेले असत, जिवंत विषाणू नसे. तसेच हे.

थोडक्यात, बाटलीतले पाणी ‘त्याच्या अंगचे काहीतरी इथे आले’ एवढेच खात्रीने सांगते. मासे किती, नर की मादी, पिले देणारे की एखादाच भटका, जिवंत की मेलेला, हे ते सांगत नाही. उत्तर ‘नाही’ आले तरी निर्धास्त होता येत नाही. उन्हाने, उष्णतेने डी.एन.ए.चे तुकडे लवकर विरतात. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या तलावात तर ही अडचण ध्यानात घ्यावीच लागेल. शिवाय नमुना घेणाऱ्याच्या बुटाला, बादलीला दुसऱ्या तळ्याचे पाणी लागलेले असले तर सगळेच फुकट. म्हणून हे काम करणारे दर वेळी हातमोजे बदलतात, भांडी ब्लीचने धुतात आणि एक बाटली शुद्ध पाण्याची मुद्दाम सोबत नेतात. त्या शुद्ध पाण्यातही मासा ‘सापडला’, तर चूक आपली, हे कळावे म्हणून.

आता आपल्या घराकडे येऊ. शिकागोला ज्याची धास्ती आहे तो सिल्व्हर कार्प आपल्याकडे १९५९ साली जपानहून कटकला सन्मानाने आणला गेला. उत्पादन वाढवायचे होते, देशाला अन्न हवे होते. १९७१ साली तो अपघाताने हिमाचलमधल्या भाखडा धरणाच्या गोविंदसागर जलाशयात शिरला. काही वर्षांत तिथल्या जाळ्यांत तोच तो येऊ लागला आणि कटला मासा मागे पडला. एकूण माशांचे वजन मात्र वाढले. म्हणजे कोळ्याच्या हिशेबाने फायदा आणि कटल्याच्या हिशेबाने तोटा. हे दोन्ही मुलांना सांगायला हवे. थाई मांगुरचे वेगळे: तो मासे खाऊन वाढतो, त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे, तरीही चोरून चालणारी तळी पकडल्याच्या बातम्या येतच असतात.

वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका चुणचुणीत मुलाने विचारले, ‘सर, मग आपण मराठी लोकही इंदूरला बाहेरूनच आलो ना?’ सगळा वर्ग हसला, आम्हीही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याला आम्ही सांगितले की मिरची, बटाटा, टोमॅटो हे सगळे अमेरिकेतून आलेले. त्यांच्यावाचून तुझा डबा भरत नाही. परका असणे हा गुन्हा नाही. जी जात आल्यावर बाकीच्यांना जगू देत नाही, तिलाच शास्त्रज्ञ आक्रमक म्हणतात. आणि हा शब्द मासे-वनस्पतींपुरताच वापरायचा, माणसांच्या बाबतीत नाही. काही पालकांनी ‘परके मासे’ हा शब्दप्रयोग टाळावा असे सुचवले होते. त्यांची भावना आम्हाला समजते. आम्ही यापुढे ‘उपद्रवी’ म्हणू.

सिरपूर तलाव आणि यशवंत सागर ही होळकरांच्या काळातली दोन्ही पाणथळे २०२२ साली रामसर यादीत गेली. २०२५ च्या जानेवारीत तर इंदूर आणि उदयपूर यांना देशातली पहिली मान्यताप्राप्त पाणथळ शहरे ठरवले गेले. आपण स्वच्छतेच्या क्रमांकाचा जेवढा डंका पिटतो, तेवढा या गोष्टीचा पिटत नाही. असो. मुद्दा असा की ज्या तलावाचे नाव जगाच्या यादीत आहे, त्यात आपल्या शाळेच्या मेळ्यातला मासा असू शकतो.

हे सारे ऐकल्यावर एका उत्साही विश्वस्तांनी शाळेला डी.एन.ए. तपासणीचे यंत्रच देणगी म्हणून देऊ केले. त्यांचे मन मोठे आहे, हे आम्ही जाहीरपणे सांगतो. तरीही आम्ही नम्रपणे नको म्हटले, आणि त्याची कारणे इथे लिहितो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. यंत्र चालवायला माणूस लागतो, रसायने लागतात, ती थंड ठेवावी लागतात. आपल्या प्रयोगशाळेतला फ्रीज उन्हाळ्यात दोनदा बंद पडतो. पण खरे कारण त्याहून वेगळे आहे. समजा, आपण तपासणी केली आणि सिरपूरच्या पाण्याने ‘होय, सकर आहे’ असे सांगितले. मग पुढे काय करणार? कोणाला कळवणार, कोण काय करील, हे आधी ठरलेले नसेल तर त्या उत्तराचा उपयोग वर्तमानपत्रातल्या फोटोपुरता. शिकागोत उत्तर आल्यावर वर्षभर भांडण चालले ते याचमुळे: पाणी ‘होय’ म्हणाले तर काय करायचे, हे आधी कोणी ठरवले नव्हते. तपासणी जितकी सोपी होत जाईल, तितका हा प्रश्न अवघड होत जाईल, असे आम्हाला वाटते.

याचा अर्थ मुलांनी या शास्त्रापासून लांब राहावे असा नाही, उलटच. हैदराबादच्या सी.सी.एम.बी. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओडिशातील चिलिका सरोवराच्या पाण्यातल्या डी.एन.ए.वरून तिथल्या जीवसृष्टीची मोजदाद केली आहे. युनेस्कोने २०२२-२३ मध्ये जगातल्या २१ सागरी वारसास्थळांवर अशीच मोहीम काढली, तिथे पाणी गोळा करून गाळण्याचे काम स्थानिक नागरिकांनी आणि शाळकरी मुलांनीही केले. गाळणे मुलांचे, तपासणे तज्ज्ञांचे. आपल्यालाही पुढेमागे हीच वाटणी जमेल. त्याआधी मुलांना पाण्याकडे पाहण्याची सवय लागायला हवी, म्हणून आठवी-नववीच्या मुलांनी महिन्यातून एका रविवारी सिरपूरला जावे आणि काय दिसले ते वहीत लिहावे असे आम्ही ठरवले आहे. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, जलपर्णी कुठवर आली, कोळ्यांनी कोणता मासा काढला. कोळीकाकांना नावे विचारावीत. त्यांच्याकडची नावे आमच्या पुस्तकात नाहीत. यंत्रासाठी जे पैसे ठेवले होते त्यातून दुर्बिणी आणि बसभाडे निघेल का, हे विश्वस्त मंडळाने पाहावे.

राहिला स्टॉल. तो बंद झाल्याने कमाई कमी होईल, हे आम्ही मान्य केलेच आहे. त्याजागी रोपांचा स्टॉल लावावा, तुळस, गवती चहा, कढीपत्ता, अशी पालक-शिक्षक संघाची सूचना आहे आणि ती आम्हाला आवडली.

ज्यांच्या घरी आधीच मासे किंवा ते छोटे लाल कानाचे कासव आहे, त्यांना आमची एकच विनंती: नको झाले, तर तलावात, नदीत, विहिरीत सोडू नका. दुकानदाराला परत द्या किंवा शाळेत आणा. मे महिन्याच्या सुट्टीसाठी जीवशास्त्राच्या खोलीत दोन मोठ्या काचेच्या टाक्या ठेवणार आहोत. गावी जाणाऱ्या मुलांनी १० एप्रिलपर्यंत वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे, माशाबरोबर त्याचे खाणेही आणावे आणि डब्यावर नाव लिहावे. रोज खायला घालण्याची जबाबदारी शाळेच्या शिपाईकाकांनी आपणहून घेतली आहे. त्यांनी फक्त एवढेच विचारले की रविवारी किती घालायचे.